दुखावलेली पावले आणि गुरूंची जबाबदारी

वीणेची तार तुटली तर नवी तार चढवता येते. मृदंगाची पुडी फाटली तर ती बदलून घेता येते. नर्तकाला मात्र अशी सोय नाही. त्याचे वाद्य म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर होय, आणि या वाद्याला इजा झाली की वेदना, भीती आणि निराशा वादकालाच सोसाव्या लागतात. म्हणूनच नर्तकाच्या दुखापतीचा विचार करताना हाडे, स्नायू आणि सांधे यांचाच विचार करून भागत नाही. ज्या मुलीने वयाच्या सातव्या वर्षापासून रोज संध्याकाळी नृत्य केले आहे, तिला सहा आठवडे पाऊल टेकवू नको असे सांगितले जाते, तेव्हा तिच्या दिवसाचा अर्थच हरवल्यासारखा होतो.

डॉक्टर अशा मुलीला पंधरा दिवसांतून एकदा काही मिनिटे पाहतात. नृत्यशिक्षक तिला आठवड्यातून अनेकदा आणि वर्षानुवर्षे पाहत असतात. तिचा तोल कोणत्या बाजूला जातो, दमल्यावर तिचे खांदे कसे झुकतात, कोणत्या बोलाला तिचे पाऊल उशिरा पडते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते. शिक्षक हे वैद्य नव्हेत आणि त्यांनी वैद्याचे काम अंगावर घेऊही नये. परंतु तीन गोष्टी अशा आहेत की, त्या त्यांच्यावाचून इतरांना फारशा साधत नाहीत. दुखणे वेळीच ओळखणे, ही पहिली. दुखण्याच्या काळातही विद्यार्थिनीला नृत्यवर्गात स्थान देणे, ही दुसरी. आणि ती परत नाचू लागेल तेव्हा तिच्या उतावळेपणाला लगाम घालणे, ही तिसरी.

भार कोठे पडतो

भारतातील बहुतेक शास्त्रीय नृत्ये अनवाणी केली जातात आणि त्यांत पावलाने जमिनीवर आघात करण्याला फार महत्त्व आहे. भरतनाट्यमची विद्यार्थिनी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेरच्या बाजूला वळवून अर्धवट बसलेल्या स्थितीत, एकेक अडवू तीन लयींत घोटून घेते. कथकमध्ये प्रत्येक पायात शंभर किंवा त्याहून अधिक घुंगरू बांधून तत्कार केला जातो आणि चक्करांच्या वेळी टाचेवर शरीर फिरते. ओडिसीतील चौकात दोन्ही गुडघ्यांवर सारखा ताण येतो, तर त्रिभंगीत कंबर एका बाजूला झुकून एकाच पायावर बराचसा भार राहतो. कथकलीचा नट पावलांच्या बाहेरच्या कडांवर उभा असतो. मणिपुरीत पाऊल हलकेच टेकवले जाते हे खरे. पण त्याच परंपरेतील पुंग चोलममध्ये नर्तक ढोल वाजवीत उंच उड्या व गिरक्या घेतात.

शरीर हा भार पेलण्यास समर्थ असते, मात्र त्यासाठी तो क्रमाक्रमाने वाढला पाहिजे आणि शरीराला दुरुस्तीस वेळ मिळाला पाहिजे. वारंवार होणाऱ्या आघातांनी हाडात अतिसूक्ष्म इजा होते, विश्रांतीच्या वेळी ती भरून येते आणि हाड अधिक मजबूत होते. कार्यक्रम जवळ आला म्हणून सराव एकाएकी दुप्पट केला, तर इजेचा वेग दुरुस्तीच्या वेगापेक्षा वाढतो. मग नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक चीर पडते.

जमिनीचाही यात वाटा आहे. शेणाने सारवलेली मातीची जमीन किंवा खाली पोकळी ठेवून बसवलेली लाकडी फरशी आघात काही प्रमाणात शोषून घेते. सिमेंट, संगमरवर किंवा शहाबादी फरशी तसे करीत नाही, आणि तिच्यावर पातळ सतरंजी अंथरल्याने विशेष फरक पडत नाही. आज शहरांतील पुष्कळ वर्ग शाळेच्या वर्गखोलीत, सभागृहाच्या व्हरांड्यात किंवा इमारतीच्या तळघरात भरतात. जमीन बदलणे शिक्षकांच्या हाती नसेल तर आघातांची संख्या कमी करणे तरी त्यांच्या हाती असते. जोरकस पदन्यास आणि अभिनय यांचा सराव आलटून पालटून घेतला म्हणजे पायांना मधूनमधून उसंत मिळते.

चुकीची ठेवण हे दुखापतीचे आणखी एक मोठे कारण होय. अरमंडीत पाय बाहेर वळतो तो मांडीच्या खुब्यातून. ज्या मुलीच्या खुब्याची घडण मुळातच कमी वळणारी आहे, ती इतरांची बरोबरी करण्यासाठी पावले बळेच बाहेर फिरवते. मग पावले एका दिशेला आणि गुडघे दुसऱ्या दिशेला राहतात, आणि हा पीळ गुडघ्याला सोसावा लागतो. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे की नाही, हे समोरून पाहिल्यास चटकन कळते. तसेच पोट सैल सोडून कंबर मागे काढण्याच्या सवयीमुळे पाठीच्या खालच्या भागात दुखणे सुरू होते. अशा विद्यार्थिनीला "आणखी खाली बस" असे सांगण्यापेक्षा तिच्या शरीराला जितके झेपेल तितकेच पण बिनचूक बसावयास शिकवणे अधिक हिताचे असते.

शरीराची काळजी हा नृत्यशिक्षणाचाच भाग आहे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात चारींच्या विवेचनानंतर व्यायामाचा विचार आला आहे. अंगाला तेल लावून व्यायाम करावा, पौष्टिक अन्न घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. केरळात कथकलीच्या विद्यार्थ्यांना पावसाळ्यात कित्येक आठवडे तेल लावून मर्दन केले जाते. उळिच्चिल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत आशान, म्हणजे गुरू, विद्यार्थ्याला चटईवर निजवून आपल्या पावलांनी त्याचे अंग रगडतात. शिष्याच्या अंगाची इतकी प्रत्यक्ष ओळख गुरूंना असावी, ही अपेक्षा त्यामागे आहे. मात्र हे मर्दन निरोगी शरीर घडवण्यासाठी आहे. ताज्या दुखापतीवर ते उपकारक नसून अपायकारक ठरते.

दुखणे का लपवले जाते

एक उदाहरण कल्पावे. पंधरा वर्षांच्या एका मुलीचे अरंगेत्रम सहा आठवड्यांवर आले आहे. सभागृह ठरले आहे, निमंत्रणपत्रिका छापून झाल्या आहेत, साथीच्या कलावंतांना आगाऊ रक्कम दिली गेली आहे, परगावचे नातेवाईक प्रवासाची तिकिटे काढून बसले आहेत. तिच्या उजव्या नडगीत तीन आठवड्यांपासून दुखते आहे. आरंभी केवळ सरावानंतर दुखत असे. पुढे सरावाच्या वेळी दुखू लागले, आणि आता रात्री अंथरुणातही ठणकते. तिने हे आईला सांगितलेले नाही आणि गुरूंना तर मुळीच नाही.

हे मौन समजून घेतल्याशिवाय शिक्षकाला पुढचे काही करता येणार नाही. वेदना सोसणे म्हणजेच साधना, असा तिचा समज झालेला असतो. आपली जागा दुसरीला दिली जाईल ही भीती असते. आईवडिलांचा खर्च वाया जाईल याची टोचणी असते. गुरूंचा विश्वास गमावण्याची धास्ती या सर्वांहून मोठी असते. ज्या वर्गात एखाद्या मुलीने पाय दुखतो म्हटल्यावर "आमच्या वेळी आम्ही रक्त येईपर्यंत नाचत होतो" असे उत्तर मिळाले असेल, त्या वर्गातील उरलेल्या सगळ्या मुली त्या दिवसापासून गप्प राहावयास शिकतात.

म्हणून वर्गात दुखणे सांगण्याची रीत पाडणे हा पहिला उपचार मानावयास हवा. नमस्कार झाल्यावर आणि सराव सुरू करण्यापूर्वी, आज कोणाला कोठे दुखते आहे का, असे शिक्षकांनी रोज सहज विचारावे. जी सांगेल तिचे सर्वांसमोर कौतुकही करू नये आणि कानउघाडणीही करू नये. तिच्यापुरता सराव बदलून द्यावा. असे चार-दोन वेळा घडले म्हणजे इतरांनाही धीर येतो.

साधा थकवा आणि दुखापत यांतील फरक विद्यार्थिनींना शिकवून ठेवला पाहिजे. नव्या किंवा अधिक सरावानंतर स्नायू दुखतात ते बहुधा दोन्ही बाजूंना आणि पसरट दुखतात. एक-दोन दिवसांत ही कळ जाते आणि अंग तापल्यावर कमी होते. एकाच बाजूला, बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखणे, नाचताना वाढत जाणे, सूज येणे, सांधा अडकल्यासारखा किंवा दगा दिल्यासारखा वाटणे, रात्री ठणकणे ही दुखापतीची लक्षणे होत. वरील उदाहरणातील मुलीने बोट ठेवून जागा दाखवली तर शिक्षकांनी त्याच दिवशी तिचा पदन्यास थांबवून तिला अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. हाडातील अशी बारीक चीर आरंभीच्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसत नाही. त्यामुळे चित्र स्वच्छ आले, आता नाचावयास हरकत नाही, असा निष्कर्ष घाईने काढणे धोक्याचे असते.

न बोलता चालणारे दुसरे एक दुखणे आहे ते अपुऱ्या आहाराचे. रंगमंचावर सडपातळ दिसावे म्हणून अनेक मुली जेवण तोडतात. सरावाला लागणारी शक्ती अन्नातून मिळाली नाही की मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. क्रीडावैद्यकाने १९९० नंतरच्या काळात या संबंधाकडे विशेष लक्ष वेधले आहे. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. अशा परिस्थितीत वर्गात कोणाच्याही वजनावर शेरा मारताना शिक्षकांनी दहा वेळा विचार करावा. ज्या मुलीचे हाड पुन्हा पुन्हा दुखावते, तिच्या पायांबरोबरच तिच्या ताटाचीही चौकशी आईच्या मदतीने करणे आवश्यक असते.

पहिले काही तास

एकाएकी होणाऱ्या दुखापतींत घोटा मुरगळणे ही सर्वांत परिचित. पाऊल आतल्या बाजूला वळते आणि घोट्याच्या बाहेरील अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. अशा वेळी वर्गात एकच गडबड उडते. कोणी घोटा ओढून बसवू पाहतो, कोणी गरम तेलाने चोळतो, कोणी "चालत राहा म्हणजे आखडणार नाही" असे सांगतो. यांपैकी काहीही करू नये. नाच थांबवावा, मुलीला निजवून पाय उशीवर उंच ठेवावा आणि लवचीक पट्टी फार आवळ न होईल अशी बांधावी. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावल्याने वेदना कमी होते. तो उघड्या कातडीवर ठेवू नये.

बर्फाविषयी वैद्यकातील मत कसे बदलत गेले हे लक्षात घेण्यासारखे आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे या चार गोष्टींचे सूत्र अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली मांडले आणि ते जगभर रूढ झाले. पुढे २०१४ मध्ये स्वतः मर्किन यांनीच असे लिहिले की, बर्फाचा आणि संपूर्ण विश्रांतीचा अतिरेक केल्यास दुखावलेला भाग बरा होण्यास विलंब होऊ शकतो. आज बर्फाचा उपयोग मुख्यतः आरंभीची वेदना कमी करण्यापुरता मानला जातो, आणि साध्या मुरगळण्यात पहिल्या काही दिवसांनंतर वेदना वाढणार नाही अशा बेताने हालचाल सुरू करावी असे सांगितले जाते.

हाड मोडले असण्याची शक्यता कधी धरावी, याचे एक सोपे गमक कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली तयार केले. दुखापतीनंतर स्वतःच्या पायांनी चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांपैकी एखाद्याच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबल्यास कळ येत असेल, तर क्ष-किरण चित्र काढावे, असे ते गमक आहे. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यभागी जो हाडाचा उंचवटा लागतो, तेथे किंवा पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वर दाबून दुखले तरीही तेच करावे. हा नियम वैद्यांसाठी असला तरी शिक्षकांना तो माहीत असल्यास घोटा मुरगळलेल्या मुलीला घरी पाठवावे की रुग्णालयात न्यावे, हे ठरवणे सोपे जाते. शंका असेल तेव्हा अर्थातच रुग्णालयात न्यावे.

शिक्षकांनी एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. वेदनाशामक गोळी देऊन किंवा इंजेक्शन देववून विद्यार्थिनीला रंगमंचावर उभे करू नये. वेदना ही शरीराने दिलेली सूचना असते. सूचना बंद केल्याने धोका टळत नाही, तो दिसेनासा होतो इतकेच.

वर्गातील जागा

दुखावलेल्या विद्यार्थिनीला बहुतेक शिक्षक सद्भावनेने सांगतात, "घरी जा, बरी झालीस की ये." या वाक्याचा परिणाम पुष्कळदा विपरीत होतो. शरीर विश्रांती घेते, पण मन एकटे पडते. मैत्रिणी पुढे गेल्या, नवी रचना सुरू झाली, आपण मागे राहिलो, हे विचार तिला घेरतात. मग एक तर ती बरी होण्यापूर्वीच घाईने परत येते, किंवा कधीच परत येत नाही.

भारतीय नृत्याची घडण अशी आहे की, पायाला पट्टी बांधलेल्या मुलीलाही वर्गात शिकण्यासारखे पुष्कळ असते. अभिनयदर्पणात ९ शिरोभेद, ८ दृष्टिभेद, ४ ग्रीवाभेद आणि एका हाताच्या २८ मुद्रा सांगितल्या आहेत. या सर्वांचा सराव खुर्चीवर बसून होतो. रोजच्या धावपळीत हस्तमुद्रांची बोटे सैल राहतात आणि डोळ्यांचा व्यायाम उरकला जातो. सक्तीच्या विश्रांतीत या गोष्टींकडे नीट लक्ष देता येते. लखनौ घराण्याच्या कथकमध्ये बसून भाव सांगण्याची स्वतंत्र परंपराच आहे. शंभू महाराज बैठकीत ठुमरीच्या एकेका ओळीवर नाना प्रकारचे भाव दाखवीत आणि त्यासाठीच ते विशेष नावाजले गेले. भरतनाट्यमची पदेही बसून सादर करण्याचा प्रघात जुना आहे. बसून केलेला अभिनय म्हणजे अपंगासाठी काढलेली पळवाट नसून ती कलेची एक उच्च पायरी आहे, हे शिक्षकांनी विद्यार्थिनीला स्पष्ट करून सांगावे.

लयीचे शिक्षणही याच काळात पक्के करता येते. कथकच्या विद्यार्थिनीला पढंत करावयास, म्हणजे हाताने ताल धरून बोल म्हणावयास बसवावे. भरतनाट्यमच्या विद्यार्थिनीच्या हाती तट्टुकळी द्यावी, लाकडी पाटावर ताल देऊन तिला धाकट्या मुलींचे अडवू घेऊ द्यावेत. जती तोंडाने म्हणताना तिला कळते की, पायांना जे साधत होते ते जिभेला नीट पाठ नव्हते. पदांचा अर्थ, त्यातील नायिका, रागांची ओळख, जुन्या कलावंतांच्या चित्रफिती असा अभ्यास एरवी नेहमी मागे पडत असतो.

याशिवाय मनातल्या मनात नाचण्याचा सराव आहे. विद्यार्थिनीने डोळे मिटून, ध्वनिमुद्रण लावून, संपूर्ण रचना आरंभापासून शेवटपर्यंत मनात नाचावी. वर्णम् जितका वेळ चालते तितकाच वेळ हा सरावही चालला पाहिजे. प्रत्यक्ष हालचालीच्या वेळी मेंदूचे जे भाग काम करतात त्यांपैकी काही अशा कल्पित हालचालीच्या वेळीही काम करतात, असे संशोधनात दिसून आले आहे. त्याने स्नायूंची शक्ती टिकून राहील असे नव्हे, परंतु रचनेची स्मृती आणि आत्मविश्वास टिकतो.

दुखावलेल्या भागाखेरीज शरीराच्या इतर भागांचा व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने चालू ठेवावा. दोन-तीन आठवडे पाय वापरला नाही तरी पोटरी बारीक झालेली डोळ्यांना दिसते. हे पाहून मुली घाबरतात. ही झीज भरून येणारी आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवले तर भीती कमी होते.

मनाची सूज

शरीराच्या सुजेप्रमाणे मनालाही सूज येते, आणि ती पट्टीने उतरत नाही. दुखापतीनंतर पहिले काही दिवस मुलीचा विश्वासच बसत नाही. ती चार दिवसांत बरी होण्याच्या गोष्टी करते. पुढे चिडचिड होते, रडू येते, आपल्याच शरीराचा राग येतो. काही मुली स्वतःला दोष देतात, काही गुरूंना. शिक्षकांनी या रागाचा अपमान मानू नये.

अशा वेळी काय बोलावे, हा प्रश्न अनेक शिक्षकांना पडतो. "काही होत नाही, ठीक होईल" हे वाक्य सांत्वनाचे असले तरी त्याने मुलीला असे वाटते की, आपले दुःख कोणाला कळलेच नाही. त्यापेक्षा जे खरे आहे ते सांगावे. सभागृहाची तारीख पुढे ढकलावी लागेल, हे स्पष्ट सांगावे. आईवडिलांशी ते बोलणे शिक्षकांनी स्वतः करावे, मुलीवर सोपवू नये. पत्रिका पुन्हा छापता येतात, पण हाडाची चीर वाढून ते पूर्ण मोडले तर वर्षाचे नुकसान होते, हा हिशोब पालकांना गुरूंच्या तोंडून ऐकल्यावरच पटतो. समूहनृत्यातील तिची भूमिका दुसरीला द्यावी लागत असेल, तर ती बातमी सर्वांसमोर प्रथम कळू न देता तिला एकटीला बोलावून सांगावी, आणि शक्य असल्यास नव्या मुलीला ती भूमिका शिकवण्याचे काम तिच्याकडेच द्यावे.

काही मुलींचे दुःख याहून खोल जाते. झोप उडणे, जेवण सोडणे, कोणाशीच न बोलणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, ही लक्षणे दिसल्यास गुरूंचे प्रेम पुरेसे नाही हे ओळखून पालकांना सांगावे आणि मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. तसे करण्यात विद्यार्थिनीचा किंवा गुरूंचा कोणताही कमीपणा नाही.

स्पर्शाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. ठेवण सुधारण्यासाठी शिक्षकांचा हात विद्यार्थ्याच्या अंगाला लागतो. दुखावलेले शरीर अधिक हळवे असते. हात लावण्यापूर्वी विचारावे आणि नकार मिळाला तर तो मानावा. दुखणारी जागा दाबून पाहण्याचे काम वैद्यांवर सोडावे.

दोन उदाहरणे आणि त्यांचा अर्थ

दुखापतीतून परतलेल्या नर्तकांच्या कथा भारतात पुष्कळ सांगितल्या जातात. भरतनाट्यम आणि ओडिसी या दोन्ही शैलींत नाव मिळवलेल्या सोनल मानसिंह यांना १९७४ साली जर्मनीत मोटारीचा अपघात झाला. त्यांच्या पाठीच्या कण्याला आणि बरगड्यांना गंभीर इजा झाली. पुन्हा नाचता येईल की नाही याची शाश्वती नव्हती. कॅनडातील माँट्रियल येथे पिएर ग्रावेल यांच्याकडे त्यांनी उपचार घेतले आणि १९७५ साली त्या मुंबईत पुन्हा रंगमंचावर आल्या. मुंबईत वाढलेल्या सुधा चंद्रन यांचा उजवा पाय १९८१ सालच्या बस अपघातानंतर कापावा लागला. त्या वेळी त्या सोळा वर्षांच्या आसपास होत्या. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० नंतरच्या दशकात जो कृत्रिम पाय विकसित केला, तो 'जयपूर फूट' लावून त्या चालावयास आणि पुढे नाचावयास शिकल्या. १९८४ साली त्यांनी पुन्हा नृत्याचा कार्यक्रम केला आणि त्यांच्या जीवनावरील चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली.

या कथा प्रेरणा देतात, परंतु त्यांचा वापर चाबकासारखा होऊ नये. "तिने एका पायावर नृत्य केले आणि तुला मुरगळलेला घोटा सोसवत नाही?" असे म्हणणाऱ्या शिक्षकांना या कथांचा अर्थ उलटा कळला आहे. या दोघींच्या परतण्यामागे उपचार होते, महिनोन्‌महिन्यांचा संयम होता, पुन्हा पहिल्या पायरीपासून शिकण्याची तयारी होती. दुखापत लपवून, दात-ओठ खाऊन त्या परतल्या नाहीत. विद्यार्थिनीने त्यांच्याकडून घ्यावयाचे ते हेच होय.

परतीची वाट

वेदना थांबली म्हणजे दुखणे बरे झाले, असे नव्हे. फाटलेल्या अस्थिबंधात पहिल्या काही आठवड्यांत नवे तंतू तयार होतात. परंतु ते योग्य दिशेने जुळून बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. हाडातील चीर भरण्यास साधारणपणे सहा ते आठ आठवडे आणि काही वेळा त्याहून अधिक काळ लागतो. घोटा मुरगळल्यानंतर सांध्याची तोल सांभाळण्याची जाणीवही मंदावलेली असते. म्हणूनच एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही शिक्षकांनी काही साध्या कसोट्या घ्याव्यात. दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट स्थिर उभे राहता येते काय? तोच प्रयोग डोळे मिटून जमतो काय? एका पायावर टाच उचलण्याची क्रिया चांगल्या पायाने जितक्या वेळा होते, जवळजवळ तितक्या वेळा दुखऱ्या पायानेही होते काय? जागच्या जागी एका पायावर हलकी उडी मारता येते काय? या कसोट्या उतरल्याशिवाय नटराजाची ठेवण किंवा चक्कर यांच्या वाटेस जाऊ नये.

त्यानंतर नृत्य पायरीपायरीने वाढवावे. प्रथम आघाताशिवाय, पाऊल केवळ टेकवीत, विलंबित लयीत आणि थोडाच वेळ. मग हलका आघात, मग मध्य लय. घुंगरू आरंभी बांधूच नयेत, आणि पुढे संख्येने निम्मे बांधावेत. अरमंडी आधी उथळ असावी. द्रुत लय, उड्या आणि पूर्ण बैठक सर्वांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा आहे ते विचारावे. दुखणे किंवा सूज वाढली असेल तर एक पायरी मागे यावे. ही माघार ठरलेल्या क्रमाचाच भाग आहे, हे आधी सांगून ठेवले म्हणजे मुलगी खचत नाही. अशा वेळी गुरूंना नेहमीच्या उलट भूमिका घ्यावी लागते. एरवी ते शिष्येला पुढे ढकलत असतात. या काळात त्यांनी तिला धरून ठेवावयाचे असते.

आरंभीच्या उदाहरणातील मुलीचे अरंगेत्रम सहा आठवड्यांनी न होता सहा महिन्यांनी होईल. मधल्या काळात तिने जती तोंडपाठ केलेल्या असतील, पदाचा अर्थ तिला नव्याने उमगलेला असेल आणि धाकट्या मुलींना ताल देताना शिकवणे म्हणजे काय याची तिला थोडी कल्पना आलेली असेल.

काही जणींना मात्र पूर्वीसारखे नाचता येणार नाही. गुडघ्याची झीज, वारंवार निखळणारा सांधा, कण्याचे दुखणे यांपुढे कधीकधी इलाज चालत नाही. अशा वेळीही खोटी आशा दाखवू नये. तिचा अभ्यास फुकट गेला असेही तिला वाटू देऊ नये. भरतनाट्यमची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी जोपासली ते नट्टुवनार नर्तकीच्या बाजूला बसून झांज आणि बोल यांनी संपूर्ण मैफल चालवीत असत. नृत्याला रचनाकार लागतात, गायक लागतात, ताल धरणारे लागतात, शिक्षक लागतात, जाणकार प्रेक्षकही लागतात. ज्या विद्यार्थिनीला दुखण्याच्या काळात वर्गाबाहेर बसवले गेले नाही, तिला यांतील आपली जागा शोधण्यास फार लांब जावे लागत नाही.